खाडीचं पाणी टेबलावर: टाकी मस्त, पुस्तिका बाजूला ठेवा

भाचीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी ही टाकी, म्हणजे खाडीतलं पाणी का फिरतं ते दाखवणारं प्रयोगाचं किट, मागवली होती. प्रोजेक्ट होऊन दीड महिना झाला, टाकी अजून माझ्याच टेबलावर आहे, आणि रोज संध्याकाळी "मावशी आज काय करायचं" असा फोन येतो, त्यावरून काय ते समजा. तरी पण रिव्ह्यू पूर्ण चांगला नाहीये. किटवालीचं नाव टाकत नाही, कारण खाली थोडी चिडचिड आहे आणि तशी किटं सगळ्यांचीच साधारण सारखी असतात.

बॉक्समध्ये काय येतं ते आधी सांगते. ६० सेंमी लांब, १० सेंमी रुंद अशी अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक टाकी, मधोमध वर खेचायचं गेट, गेटच्या जागी बसवायला दुसरी एक पाटी जिला वर एक आणि खाली एक भोक आहे, यूएसबीवर चालणारा छोटा पंखा, लाल आणि निळा रंग, थर्मामीटर, पेनासारखा एक क्षारता मीटर आणि चोवीस पानी पुस्तिका. टाकीचं काम खरंच सुबक आहे, कडा घासलेल्या, सांध्यातून थेंब नाही, मागे लावायला पांढरा कागदही दिलाय (हे कोणाला सुचलं त्याला पैकीच्या पैकी, कारण कागदाशिवाय रंग दिसतच नाही). गेट मात्र गळतं. म्हणजे असं धो धो नाही, पण एका बाजूला खारं पाणी भरून दुसऱ्या बाजूला गोडं भरेपर्यंत तळाशी निळी शेपटी पलीकडे गेलेली असते आणि मग प्रयोग सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो. कस्टमर केअरला फोटो पाठवले, त्यांनी नवी रबरपट्टी पाठवली, ती भलत्याच मापाची निघाली. शेवटी मी खाचेत व्हॅसलीन फासलं आणि काम भागलं. तुम्ही घेतलंत तर पहिल्या दिवशीच हे करा, वाट बघू नका.

आता मुद्द्याचं. किटचा उद्देश असा की समुद्राला लागून असलेल्या खाड्या-उपसागरांत पाणी का फिरतं ते दाखवायचं, भरती-ओहोटी सोडून. दोन कारणं: वारा, आणि पाण्याच्या घनतेतला फरक. घनतेचा भाग एक नंबर जमलाय. एका बाजूला निळं खारं, दुसरीकडे लाल गोडं, गेट वर खेचलं की निळं पाणी तळाशी सरपटत लाल बाजूला घुसतं आणि लाल त्याच्या डोक्यावरून उलट दिशेला येतं. निळ्याचं पुढचं टोक जरा उचललेलं असतं, नाक वर करून चाललेल्या प्राण्यासारखं, आणि त्या नाकामागे दोन रंगांच्या सीमेवर छोट्या छोट्या गुंडाळ्या होतात. त्या गुंडाळ्या म्हणजेच मिसळणं. मी दहा वेळा पाहिलंय, दहाही वेळा तोंडातून "अरे" निघालं.

पण पुस्तिका म्हणते लिटरला ३५ ग्रॅम मीठ टाका, कारण समुद्रात साधारण तेवढंच असतं. बरोबर आहे, असतं. फक्त होतं काय की १० सेंमी खोल पाण्यात एवढ्या फरकाला ते नाक सेकंदाला जवळपास ८ सेंमीने पळतं, म्हणजे चार सेकंदांत भिंतीला धडक, पोरांनी मोबाईल बाहेर काढेपर्यंत खेळ खलास. आम्ही लिटरला ५ ग्रॅमवर आलो, सपाट एक चमचा. वेग सेकंदाला ३ सेंमीच्या आसपास येतो आणि सगळं आरामात बघता येतं. वेग घनतेच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून मीठ सातपट कमी केलं तरी वेग सातपट कमी होत नाही, अडीच-पावणेतीन पटच होतो. मिठाऐवजी गरम-गार पाणी वापरूनही जमतं, पण २० आणि ४० अंशांच्या पाण्यात जेवढा घनतेचा फरक पडतो तेवढा लिटरला आठेक ग्रॅम मिठाने पडतो, म्हणजे वीस अंशांची सगळी मेहनत दीड चमचा मिठात. खाड्यांमध्येही बहुतेक वेळा मीठच भाव खाऊन जातं ते यामुळे.

दोन भोकांची पाटी दिलीय तिच्याबद्दल पुस्तिकेत दोन ओळी आहेत आणि हा मला अन्याय वाटला, कारण मुळात हा प्रयोगच साडेतीनशे वर्षं जुना आहे. लुईजी फर्दिनांदो मार्सिली नावाचा इटालियन तरुण १६७९ मध्ये इस्तंबूलला गेला, तिथे बॉस्फरस सामुद्रधुनीत वरचं पाणी काळ्या समुद्राकडून भूमध्यच्या बाजूला वाहतं हे सगळ्यांना दिसत होतं, पण तिथले मच्छीमार सांगायचे की खाली उलटा प्रवाह आहे. त्याने पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे दोरीला बांधून दोरी खाली सोडली, वरचे तुकडे एकीकडे वळले आणि खोलवरचे दुसरीकडे. मग दोन्हीकडच्या पाण्याचं वजन करून बघितलं आणि मध्ये पाटी, पाटीला वर-खाली भोकं अशी पेटी करून एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड पाणी भरलं. जड खालच्या भोकातून गेलं, हलकं वरच्यातून आलं. १६८१ मध्ये स्वीडनची राणी क्रिस्टीना हिला उद्देशून त्याने हे सगळं छापलं. म्हणजे नदी नाही, वारा नाही, उतार नाही, फक्त दोन बाजूंचं पाणी सारखं जड नाही एवढ्यावर दोन उलटे प्रवाह सुरू होतात. आमच्याकडे ही पाटी लावली की पंधरा-वीस मिनिटं प्रवाह चालतो, मग टाकीत खाली निळं वर लाल असे दोन थर होऊन सगळं शांत. खऱ्या सामुद्रधुनीत ते शांत होत नाही, कारण काळ्या समुद्राला नद्या गोडं पाणी देतच राहतात.

वाऱ्याचा भाग. इथे किट जरा गंडलंय. पंखा चांगला आहे पण त्याला धरायला जी क्लिप दिलीय ती पाण्याकडे तिरकी मारा करते, त्याने लाटा उठतात आणि पृष्ठभागाला खड्डा पडतो, प्रवाह बाजूला राहतो. पंखा टाकीच्या कडेला आडवा टेकवून हवा पाण्यावरून सरकत जाईल असं करा. आणि रंग ओतू नका, पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा टाका. हे पुस्तिकेत नाहीये, हे एका जुन्या सायन्सच्या बाईंकडून शिकलेलं. खडा बुडत जातो तसा मागे जांभळा उभा धागा सोडतो, एकदम सरळ, ओळंब्यासारखा. मग पंखा लावायचा. धाग्याचं वरचं टोक वाऱ्याबरोबर पुढे वाकतं आणि खालचा भाग मागे, वाऱ्याच्या विरुद्ध! भाची पहिल्यांदा म्हणाली, "मावशी पंखा उलटा बसवलास का तू?" नाही गं, पंखा सुलटाच आहे. टाकीला पलीकडे भिंत आहे, पाणी तिकडे ढकललं तर तिकडची पातळी किंचित चढते, आणि चढलेल्या पाण्याच्या दाबाने खालून परतीचा प्रवाह सुरू होतो. फक्त वरचा साधारण एक तृतीयांश भाग वाऱ्याबरोबर जातो, खालचा दोन तृतीयांश हळूहळू परत येतो.

ती चढलेली पातळी डोळ्यांनी शोधू नका. टाकीत ती केसाच्या जाडीपेक्षाही कमी भरते. खऱ्या खाडीत दिसते. समजा १० मीटर खोल, ५० किमी लांब खाडी आणि तिच्या लांबीवरून सेकंदाला १० मीटरचा वारा, म्हणजे ताशी ३६ किमी, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा-सात सेंमीचा चढ होतो. खाडी उथळ असेल तर जास्त, कारण तेवढाच जोर कमी पाण्यावर लागतो. वारा दुप्पट झाला की जोर ढोबळमानाने चौपट, म्हणून एक वादळी दिवस पंधरा शांत दिवसांपेक्षा जास्त काम करून जातो.

आता खरी गंमत आणि खरी तक्रार. पुस्तिकेत घनता पान ४ ते ११, वारा पान १२ ते १८, आणि "दोन्ही एकत्र" याला अर्धं पान! त्यात सांगितलंय की खाली ५ सेंमी समुद्राइतकं खारं, वर ५ सेंमी गोडं, पंखा लावा आणि थर कललेले पहा. आम्ही पाहिलं. पाहतच राहिलो. काहीही होत नाही. भाचीला वाटलं आपलं चुकलं, परत केलं, परत तेच, तिसऱ्यांदा ती रडवेली झाली तेव्हा मी कागद घेऊन बसले. कारण सोपं आहे. वारा वरच्या थराला ढकलतो आणि त्याने दोन थरांची सीमा कलायला बघते, पण खालचं पाणी जितकं जास्त जड आणि वरचा थर जितका जाड तितकी ती सीमा हट्टी होते. जाडीचा परिणाम तर वर्गाने वाढतो, जाडी निम्मी केली की हट्ट पाव. त्यांच्या कृतीने सीमा एका टोकाला जेमतेम मिलीमीटरभर हलते. एवढ्याशा पंख्याला तेवढं मीठ झेपत नाही, त्यात पोरांची चूक शून्य.

आमची कृती अशी: खाली ८ सेंमी पाणी, लिटरला ५ ग्रॅम मीठ, निळं. त्यावर स्पंजचा पातळ तुकडा तरंगत ठेवायचा आणि त्या स्पंजवर कपाने अगदी हळू लाल गोडं पाणी सोडायचं, एकूण २ सेंमीचा थर होईपर्यंत. घाई केली की जांभळा काढा होतो (दोनदा झालाय). पाच मिनिटं तसंच ठेवून मग पंखा. लाल पाणी सरकत सरकत पलीकडच्या टोकाला जमा व्हायला लागतं, तिकडे लाल थर जाड होतो, आणि पंख्याच्या बाजूला निळी सीमा वर वर वर येत शेवटी पाण्याच्या पृष्ठभागावर उघडी पडते. म्हणजे वारा जिथून सुटतो तिथे तळाचं पाणी वर! वरची पातळी केसाएवढीही हलत नाही आणि आतली सीमा मात्र दोन सेंमी चढते, कारण दोन थरांत वजनाचा फरक हजारात साडेतीन-चारच आहे, तेवढ्या फरकाने दाब सांभाळायचा तर सीमेला शेकडो पट जास्त कलावं लागतं.

आणि मग पंखा बंद करा. हे कृपया करून बघाच. पाणी वरून एकदम शांत आरसा, आणि आत लाल-निळी सीमा झोके घेतेय, इकडून तिकडे आणि परत यायला पन्नासेक सेकंद. टाकीला धक्का दिल्यावर वरचं पाणी हिंदकळतं त्याला सव्वा सेकंद लागतो. तेच पाणी, तीच टाकी. आम्ही स्टॉपवॉच लावून चारदा मोजलं, चौथ्या वेळी सीमा धूसर झाली होती.

हे तळाचं पाणी वर येणं म्हणजे नुसता टाकीतला खेळ नाही हे सांगायला पुस्तिकेत एक उदाहरण हवं होतं. माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेत अलाबामातल्या मोबाईल बे नावाच्या उपसागराचं. उन्हाळ्यात तिथे वरचं पाणी हलकं, खालचं खारं आणि जड, आणि खालच्यात कुजणाऱ्या गाळामुळे ऑक्सिजन संपत आलेला. एखाद्या पहाटे भरती चढत असताना पूर्वेकडून मंद वारा सुटला की तो पूर्व किनाऱ्यावरचं वरचं पाणी आत ढकलतो आणि तळाचं गुदमरलेलं पाणी किनाऱ्याला वर येतं. त्याच्यापुढे पळता पळता खेकडे, कोळंबी, तळाला राहणारे चपटे मासे असे सगळे गुडघाभर पाण्यात येऊन सुस्त पडतात आणि लोक एकमेकांना उठवून टोपल्या घेऊन धावतात. त्याला ते ज्युबिली म्हणतात. वारा मंदच लागतो हं, जोरात सुटला तर सगळं ढवळून निघतं आणि काहीच होत नाही. भाचीला हे सांगितल्यावर ती पंख्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे हा पूर्वेचा वारा," आणि निळं वर आलं त्या जागी पेन्सिलने खेकडा काढला. कागदावर तो अजून आहे.

त्यानंतर आम्ही टाकीची नदी केली, म्हणजे एका टोकाला बाटलीतून थेंब थेंब लाल गोडं, दुसऱ्या टोकाला नळीने तळाशी निळं खारं, आणि जास्तीचं पाणी वरून सांडायला मागे नळी. आता वारा कुठल्या दिशेचा यावर सगळं ठरतं. पंखा नदीकडून समुद्राकडे: वरचं लाल आणखी पटपट बाहेर, खालचं निळं आणखी जोरात आत, आणि दोन थरांमधली रेघ आणखी ठळक. पंखा समुद्राकडून नदीकडे: वरचं लाल अडतं, मागे रेटलं जातं, जड पाणी त्याच्यावर यायला बघतं आणि रेघ पुसट होऊन मिसळायला लागतं. वारा फार जोराचा केला तर दोन्हीकडे शेवटी काढाच. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते दिवसातून दोनदा दिशा बदलणारे वारे खाडीच्या पाण्याला एकदा साथ देतात आणि एकदा आडवे जातात हे मला चाळिशीत कळलं.

यात एक हिशोबही करता येतो, १९०० साली मार्टिन क्नुडसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने मांडलेला. खाडीत जेवढं मीठ येतं तेवढंच बाहेर जायला हवं एवढंच तत्त्व. आत येणारं पाणी ३० ग्रॅमवालं आणि बाहेर जाणारं २५ ग्रॅमवालं असेल, तर नदीने एक बादली ओतली की वरून सहा बादल्या बाहेर जातात आणि खालून पाच आत येतात. एकाला सहा! नदी नुसती ढकलत नाहीये, ती समुद्राला आत बोलावतेय. हे गणित मी दोनदा तपासलं कारण पटतच नव्हतं.

टाकीला जे जमत नाही तेही लिहायला हवं. भरती-ओहोटी नाही, आणि खऱ्या खाडीत ढवळण्याचं बरंच काम तीच करते. पृथ्वीचं फिरणं नाही. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात फ्राम जहाजाच्या १८९३ ते १८९६ च्या मोहिमेत नान्सेन या नॉर्वेच्या संशोधकाला दिसलं होतं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे २० ते ४० अंशांनी वळून जातो, पृथ्वी फिरते म्हणून, आणि १९०५ मध्ये एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याचं गणित दिलं, ते टेबलावर दिसणं शक्य नाही. अरुंद उथळ खाडीत त्याचा जोर कमीच असतो, पण रुंद उपसागरात तो सोडून चालत नाही. तिसरं, तळ सपाट. खऱ्या खाडीत मध्ये खोल पात्र आणि बाजूला उथळ पसारा असतो, तिथे वाऱ्याबरोबर पाणी उथळ कडांवरून पुढे जातं आणि परतीचा प्रवाह मधल्या खोलातून येतो. मी बाजूने प्लॅस्टिसिनचा उतार करून पाहिला, १० सेंमी रुंदीत अंधुक दिसलं, दिसलं म्हणू की मनाने दिसलं माहीत नाही. आणि प्रमाणाचं म्हणाल तर टाकी खऱ्या खाडीच्या तुलनेत लांबीच्या मानाने फारच खोल आहे, पण त्याबद्दल किटला दोष देणार नाही. अमेरिकन सैन्याच्या इंजिनिअरांनी १९५७ मध्ये सॉसालिटोला सॅन फ्रान्सिस्को बे चं अख्ख्या गोदामाएवढं चालतं मॉडेल केलं, त्यातही आडवं प्रमाण हजाराला एक आणि उभं शंभराला एक, म्हणजे खोली दहापट फुगवलेली. नाहीतर पाणी पातळ पापुद्र्यासारखं पसरलं असतं.

क्षारता मीटरवर फार भरोसा ठेवू नका. तो खरं तर पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो, आणि ती दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. आमचा मीटर तापमानाची दुरुस्ती करत नाही, त्यामुळे तेच पाणी गरम केलं की जास्त खारट दाखवतो, आम्ही आधी अर्धा तास त्यावर भांडलो. समुद्रात उतरवायच्या उपकरणांतही विजेवरूनच क्षारता काढतात पण सोबत तापमान मोजूनच. इथे थर्मामीटर दिलाय, तो जोडीने वापरा हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती.

पाचपैकी साडेतीन. टाकी आणि दोन भोकांची पाटी यांना पाच, पंख्याच्या क्लिपला दोन, पुस्तिकेला एक आणि तोही चित्रांसाठी. आठवी-नववीच्या पोरांना आणि त्यांच्यासोबत बसायला वेळ असलेल्या मोठ्यांना घ्यायला हरकत नाही, पोराच्या हातात देऊन आपण बाजूला व्हायचं असेल तर नको, दुसऱ्या दिवशी माळ्यावर जाईल. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवून पुसून ठेवा, गेटच्या खाचेतले दोन स्क्रू स्टीलचे म्हणतात पण आमचे गंजायला लागलेत. बरोबर मापाच्या रबरपट्टीचं पार्सल निघालंय असा मेसेज आलाय, आलं की इथेच अपडेट करते.